आग आणि आगगाडी : एका शहराच्या स्थलांतराची गोष्ट

वाफेच्या इंजिनाच्या काळात मराठी माणसाने रेल्वेला ‘आगगाडी’ असे नाव दिले. आज विजेवर धावणाऱ्या गाडीलाही जुनी माणसे आगगाडीच म्हणतात; पण त्या शब्दातली आग आता कोणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९१८ साली घडलेल्या एका घटनेत हा शब्द अक्षरशः खरा ठरला. आगगाडीच्या ठिणगीने रान पेटले, रानाच्या वणव्याने क्लोके नावाचे एक सबंध शहर गिळले आणि त्या शहरातील हजारो माणसांना बाहेर काढले तेही आगगाड्यांनीच.

वणव्याच्या इतिहासात किती एकर जंगल जळले आणि किती माणसे मेली याची नोंद असते. जी माणसे वाचतात त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. ती रात्री कोठे झोपतात? त्यांना कोण जेवू घालते? हिवाळ्याआधी छप्पर कोण देते? आणि आग दुसऱ्याच्या चुकीने लागली असेल, तर नुकसान कोण भरून देते? क्लोकेच्या घटनेत या चारही प्रश्नांची उत्तरे सापडतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र सतरा वर्षे लागली.

रान सुकते कसे?

मिनेसोटाच्या ईशान्य भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पांढऱ्या पाइन वृक्षांची प्रचंड तोड चालू होती. लाकूडतोडे सरळ, जाड खोड तेवढे नेत; फांद्या, शेंडे आणि साल जागीच टाकून देत. असा पालापाचोळा वर्षानुवर्षे साठत गेला. मधल्या दलदलीत वनस्पतींच्या अर्धवट कुजलेल्या अवशेषांचे, म्हणजे पीटचे, थर होते. पाऊस कमी झाला की हे पीट सुकते आणि एकदा धुमसू लागले की ज्वाळा न दिसताही आठवडेच्या आठवडे जळत राहते.

येथे एक साधी गोष्ट समजून घेतली पाहिजे. जळाऊ पदार्थ किती लवकर पेट घेईल हे त्यातील पाण्याच्या अंशावर अवलंबून असते. जाड ओंडका सुकायला आठवडे लागतात, पण गवताची काडी भोवतालच्या हवेशी तासाभरात जुळवून घेते. हवेची सापेक्ष आर्द्रता सकाळी बरी असली आणि दुपारी एकदम घसरली, तर सकाळी न पेटणारे गवत दुपारी पेटते. त्यात वारा सुटला की धुमसणाऱ्या पीटमधून ठिणग्या उडतात आणि ठिकठिकाणच्या लहान आगी एकत्र येतात.

ठिणगी पुरवण्याचे काम इंजिने करीत असत. वाफेच्या इंजिनात वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोराने वर सोडतात, कारण त्यामुळे भट्टीतून हवा खेचली जाते आणि कोळसा चांगला जळतो. पण त्याच झोताबरोबर जळते कणही बाहेर फेकले जातात. ते अडवण्यासाठी धुराड्यात जाळी बसवीत. जाळी बारीक ठेवली तर झोत मंदावतो आणि इंजिनाची ताकद घटते. भरड ठेवली तर ठिणग्या सुटतात. म्हणून रुळांच्या कडेचे गवत साफ ठेवणे आणि लागलेली आग तत्काळ विझवणे हाच खरा उपाय होता. १९१८ साली महायुद्ध चालू होते, माणसे कमी होती आणि हे काम अनेक ठिकाणी राहून गेले.

लोकांना धोका ठाऊक नव्हता असे नाही. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात पेश्टिगो गाव जळाले आणि त्या परिसरात किमान १,२०० माणसे मेली. अमेरिकेच्या इतिहासातील हा सर्वांत जीवघेणा वणवा. नेमक्या त्याच रात्री शिकागो शहराला आग लागल्याने देशाची सगळी मदत शिकागोकडे धावली. विस्कॉन्सिनचे गव्हर्नरही शिकागोलाच गेले होते. पेश्टिगोची तार राजधानीत आली तेव्हा त्यांच्या तरुण पत्नी फ्रान्सिस फेअरचाइल्ड यांनी शिकागोसाठी भरलेला मालडबा पेश्टिगोकडे वळवला आणि शहरातून ब्लँकेटे गोळा करून त्यात घातली. त्यांना तसा कोणताही अधिकार नव्हता. १ सप्टेंबर १८९४ रोजी खुद्द मिनेसोटात हिंकली गाव जळाले. अधिकृत आकड्याप्रमाणे ४१८ लोक दगावले. तेथेही जेम्स रूट या इंजिनचालकाने पेटत्या रानातून गाडी काही मैल मागे हाकत एका उथळ तळ्यापर्यंत नेली आणि प्रवाशांना वाचवले. म्हणजे आगगाडीने ठिणगी टाकणे आणि आगगाडीनेच माणसे वाचवणे, या दोन्ही गोष्टी मिनेसोटाला नव्या नव्हत्या.

१२ ऑक्टोबर १९१८

क्लोकेच्या वायव्येला रेल्वेमार्गाच्या कडेला रचलेल्या लाकडांत १० ऑक्टोबरला आग लागली. जवळून गेलेल्या गाडीच्या ठिणगीने ती लागल्याचे पुढे न्यायालयात मांडले गेले. दोन दिवस ती धुमसत होती. १२ तारखेला, शनिवारी, कोरडा आणि सोसाट्याचा वारा सुटला, आर्द्रता घसरली आणि दुपारनंतर ती आग ब्रुकस्टन गाव आणि ओजिब्वे आदिवासींचा फाँ दु लाक हा राखीव प्रदेश ओलांडून क्लोकेच्या दिशेने निघाली. ब्रुकस्टनच्या लोकांना घेऊन आलेली गाडी क्लोकेत पोचली, तेव्हा तिच्यातील माणसांच्या चेहऱ्यांवरूनच शहराला काय ते कळले.

क्लोके हे लाकूडगिरण्यांचे शहर. लाकडी घरे, लाकडी पदपथ आणि मैदानभर रचलेल्या फळ्यांच्या थप्प्या. पण याच धंद्यामुळे शहरात रेल्वेचे भरपूर रूळ होते आणि रिकामे मालडबेही उभे होते. स्टेशनवरच्या माणसांनी आजूबाजूच्या ठाण्यांकडून इंजिने मागवली आणि हाती आले ते डबे जोडले. बंद वाघिणी, लाकडे वाहण्याचे उघडे डबे, जे मिळेल ते. बायका, मुले, म्हातारी माणसे त्यात चढली. गाड्या एकामागून एक कार्लटनमार्गे सुपीरियर व डुलूथ या शहरांकडे निघाल्या. शेवटची गाडी सुटली तेव्हा फळ्यांच्या थप्प्या पेटलेल्या होत्या. क्लोके शहर जवळजवळ सगळे जळाले; पण शहरातील मृतांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

त्याच रात्री दक्षिणेकडील मूस लेक आणि केटल रिव्हर या भागांत शेकडो माणसे मेली. वारा तोच होता आणि रानही तसेच. मग फरक कशात होता? तेथे वस्ती विखुरलेली, शेतकरी बहुतांश फिनलंडहून आलेले, आणि इशारा देणारे कोणी नव्हते. कित्येकांनी विहिरीत किंवा बटाटे साठवण्याच्या तळघरात आसरा घेतला. वरून आग गेली, तळघर जळाले नाही, तरीही आतील माणसे मेली. आग भोवतालचा ऑक्सिजन वापरते आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. बंदिस्त खड्ड्यात तो शिरला की सुटका नाही. उलट जे मोकळ्या तळ्यात गळ्यापर्यंत उतरले आणि डोक्यावर ओली कांबळी घेऊन राहिले, त्यांतले पुष्कळ वाचले. काहींनी मोटारी काढल्या. केटल रिव्हरहून मूस लेककडे जाणाऱ्या रस्त्यावर एक आकस्मिक वळण होते. धुरात ते दिसले नाही, मोटारी एकमेकींवर आदळल्या आणि मागून आग आली.

त्या दिवशीच्या आगींत एकूण ४५३ मृत्यूंची नोंद झाली. जखमी किंवा बेघर झालेल्यांची संख्या सुमारे ५२,००० आणि उद्ध्वस्त झालेली गावे व वस्त्या ३८.

डुलूथमधील रात्र

डुलूथ हे सुपीरियर सरोवराच्या काठचे मोठे बंदर. त्याच्या उपनगरांपर्यंत आग पोचली होती, पण रात्री वारा पडला आणि शहर वाचले. त्या शहरात आता काजळलेल्या, भाजलेल्या, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या हजारो माणसांचे लोंढे येऊ लागले. गृहरक्षक दलाच्या मोटार तुकड्या रात्रभर धुरातून फेऱ्या मारीत होत्या. युद्धकाळासाठी उभारलेली ही संघटना आयतीच उपयोगी पडली. रक्षक दलाची कवायतीची इमारत, चर्चे, शाळा, रुग्णालये, खाजगी घरे अशी मिळेल ती जागा उघडण्यात आली.

परंतु हा १९१८ चा ऑक्टोबर होता. जगभर इन्फ्लुएन्झाची साथ थैमान घालीत होती. त्याच आठवड्यांत आपल्याकडे मुंबई शहरातही या तापाने रोज शेकडो माणसे मरत होती. आग लागली त्याच सुमारास डुलूथमध्ये शाळा, चर्चे व नाटकगृहे बंद करून माणसांनी गर्दी करू नये असा आदेश निघाला होता. एकीकडे गर्दी करू नका ही आरोग्यखात्याची आज्ञा, आणि दुसरीकडे हजारो माणसांना एका छताखाली घेण्यावाचून गत्यंतर नाही! शेवटी गर्दी झालीच. रेड क्रॉसने आगीतून आलेल्यांना तोंडावर बांधायला कापडी पट्ट्या दिल्या आणि आजारी माणसे वेगळी ठेवण्याची खटपट केली. धुराने आधीच दुखावलेल्या फुफ्फुसांत फ्लू शिरला आणि आगीतून वाचलेले काही जण न्यूमोनियाने गेले.

याच पेचात १०२ वर्षांनी पुन्हा सापडावे लागले. २०२० साली कॅलिफोर्नियात वणवे भडकले तेव्हा कोविडची साथ चालू होती. त्या वेळी रेड क्रॉसने मोठ्या सभागृहांऐवजी पुष्कळ कुटुंबांना हॉटेलच्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले. १९१८ मध्ये डुलूथला हे परवडणारे नव्हते.

छप्पर, पेंढा आणि चूल

गव्हर्नरांनी मदतकार्यासाठी आयोग नेमला आणि रेड क्रॉसच्या सहकार्याने काम सुरू झाले. अन्न व कपडे ही पहिली गरज. पण मिनेसोटात नोव्हेंबरपासून बर्फ पडू लागते आणि पारा शून्याच्या खूप खाली जातो. कायमची घरे बांधायला वेळ नव्हता. म्हणून आयोगाने लाकूडसामान पुरवून एका खोलीची लहान घरे उभी केली. सोबत शेगडी, भांडी, अंथरूण-पांघरूण. शेतकऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट तितकीच निकडीची होती, ती म्हणजे जनावरांचा चारा. गंजी जळाल्या होत्या. वाचलेली गाय चाऱ्यावाचून मेली असती, तर त्या कुटुंबाला वसंतात पुन्हा उभे राहणे कठीण होते. तेव्हा माणसांच्या अन्नाबरोबर पेंढा आणि बी-बियाणेही पुरवावे लागले.

क्लोकेतील काही गिरण्या वाचल्या होत्या. मालकांनी शहर न सोडता काम पुन्हा सुरू करायचे ठरवले. लोक परत आले ते मुख्यतः यामुळे. नुसत्या छपराने माणूस परत येत नाही. त्याला रोजगारही लागतो.

महिन्याभरात, ११ नोव्हेंबरला, महायुद्ध संपले आणि वृत्तपत्रांना दुसरा विषय मिळाला. मिनेसोटाची आग देशाच्या स्मरणातून पुसली गेली.

दोन आगी आणि एक प्रश्न

नुकसान कोणाकडून मागायचे? युद्धामुळे अमेरिकेच्या संघसरकारने रेल्वेचा कारभार स्वतःच्या हाती घेतला होता. म्हणजे खटला पडला प्रत्यक्ष सरकारवर. रेल्वे प्रशासनाचा बचाव दोन मुद्द्यांवर होता : वारा हा दैवी कोप आहे, आणि त्या दिवशी इतक्या आगी लागलेल्या होत्या की अमक्याचे घर आमच्याच ठिणगीने जळाले हे सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करण्याजोगा आहे. ‘अ’ हे ‘ब’चे कारण आहे असे आपण केव्हा म्हणतो? नेहमीची कसोटी अशी की, ‘अ’ नसता तर ‘ब’ घडला नसता. आता समजा, एका शेताकडे दोन बाजूंनी दोन आगी आल्या, वाटेत एकत्र झाल्या आणि शेत जळाले. त्यांपैकी कोणतीही एकटी आग शेत जाळायला पुरेशी होती. पहिली आग नसती तरी शेत जळालेच असते. म्हणून पहिली कारण नव्हे. दुसरी नसती तरी जळालेच असते. म्हणून दुसरीही कारण नव्हे. म्हणजे शेत विनाकारण जळाले! प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलण्याची आम्हा लोकांना सवय असते, म्हणून ही कसोटी आम्हाला निर्दोष वाटते. रानात ती लटकी पडते.

मूस लेक भागातील एका शेतकऱ्याच्या खटल्यात मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२० साली या कोड्याची उकल केली. रेल्वेने लावलेली आग दुसऱ्या आगीत मिसळली असली, तरी नुकसान होण्यात तिचा वाटा भरीव असेल तर रेल्वे जबाबदार आहे, असा तो निर्णय. ‘भरीव वाटा’ ही कसोटी अमेरिकेतील कायद्याचे विद्यार्थी आजही याच खटल्यावरून शिकतात. हवेचे प्रदूषण, रसायनांमुळे होणारे रोग अशा अनेक-कारणी घटनांचा विचार करताना हाच प्रश्न पुन्हा पुढे येतो.

निर्णय लागला, तरी पैसे मिळाले असे नव्हे. हजारो दावे होते. तडजोडीत पुष्कळांच्या हाती ठरलेल्या नुकसानीचा काही भागच पडला. उरलेल्या रकमेसाठी मिनेसोटाचे लोकप्रतिनिधी वर्षानुवर्षे प्रयत्न करीत राहिले. अखेर १९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ती देण्याच्या विधेयकावर सही केली. १९१८ साली चाळिशीत असलेला शेतकरी तोवर साठीकडे झुकला होता.

शंभर वर्षांनंतर

३ मे २०१६ रोजी कॅनडातील फोर्ट मॅकमरी या तेल-उद्योगाच्या शहराला वणव्याने गाठले. ८०,००० हून अधिक लोकांना शहर सोडावे लागले. दक्षिणेकडे जाणारा महामार्ग एकच. सुमारे २५,००० लोक उत्तरेकडे तेलवाळूच्या खाणींवरील कामगार-वसाहतींत गेले. तेथे खाटा आणि भोजनगृहे तयार होती. क्लोकेतील रिकाम्या मालडब्यांसारखीच ही अनपेक्षित सोय. पुढे त्यांना विमानांनी आणि पोलिसांच्या देखरेखीखाली मोटारींच्या ताफ्यांनी हलवण्यात आले. सुमारे २,४०० इमारती जळाल्या, पण आगीत एकही माणूस मेला नाही. स्थलांतराच्या वेळी झालेल्या मोटार अपघातात दोन तरुण जीव गेले.

मदतीची तऱ्हाही बदलली होती. अल्बर्टा प्रांताच्या सरकारने प्रत्येक प्रौढास १,२५० आणि अवलंबून असणाऱ्या प्रत्येकास ५०० डॉलर भरलेले कार्ड दिले. कॅनडाच्या रेड क्रॉसने प्रौढास ६०० व मुलास ३०० डॉलर थेट खात्यात पाठवले. वस्तूंऐवजी रोख रक्कम दिली की कोणाला औषध हवे, कोणाला पेट्रोल, हे ज्याचे त्याला ठरवता येते. कॅलगरीत नुकतेच आलेले सीरियाचे निर्वासितही मदत गोळा करण्यास पुढे आले. घर सोडून पळणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसे मेली आणि दोन हजारांवर घरे जळाली. तेथे सरकारने कुटुंबांना एकेक कार्यकर्ता नेमून देण्याची योजना केली. घर, विमा, शाळा, डॉक्टर अशा दहा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्याऐवजी एकाच ओळखीच्या माणसाशी बोलायचे, ही त्यामागची कल्पना.

या आगींनंतर मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेले एक काम शिक्षकांनी आवर्जून लक्षात घ्यावे असे आहे. आगीच्या वेळी नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या मुलांची तिसरी ते पाचवी या काळातील प्रगती त्यांनी तपासली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आगीचा तीव्र तडाखा बसलेल्या भागांतील शाळांत वाचन व गणित या विषयांतील प्रगती अपेक्षेपेक्षा कमी होती. आग विझून दोन ते चार वर्षे झाली होती, घरे पुन्हा बांधली जात होती, तरी मुलांच्या अभ्यासात ती आग अजून होती. वर्गात शिक्षकाला मूल ‘मागे पडले’ एवढेच दिसते. ते कशामुळे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

वर्गासाठी

महाराष्ट्रातल्या रानांत लागणारे वणवे बहुधा जमिनीलगतचे; त्यांच्यामुळे शहर रिकामे करण्याची वेळ येत नाही. पण पूर येतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे पाणी चढले तेव्हा अनेक शाळांच्या वर्गांत माणसे उतरली होती. तेव्हा विद्यार्थ्यांबरोबर करता येईल असा एक हिशेब सुचवतो. आपल्या शाळेचे क्षेत्रफळ मोजा. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरा; आपत्तीतील निवाऱ्यांसाठी हे किमान प्रमाण सर्वत्र वापरले जाते. किती माणसे मावतील? त्यांना पिण्याचे पाणी कोठून येईल? संडास किती आहेत? ताप आलेल्या माणसाला कोणत्या खोलीत ठेवाल? जनावरे कोठे बांधाल? आणि गाव सोडायला वाटा किती?

क्लोकेच्या स्टेशनवरच्या माणसांनी १२ ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी असाच हिशेब केला होता : माणसे इतकी, डबे इतके, वेळ एवढा. त्यांना तो काही तासांत करावा लागला. आपल्याला सवडीने करता येईल.